आधी डक्ट मोजा, मग पंखा घ्या

आमच्या पोळी-भाजी केंद्रात फोडणी पडली की पोळ्या लाटणाऱ्या मावशी पदर नाकाला लावायच्या. वर हूड होतं, गच्चीवर पंखा गरगरत होता, तरी धूर हुडाच्या कडेनं परत खाली यायचा. बसवणाऱ्या कंत्राटदाराचं उत्तर ठरलेलं: "मोठा पंखा टाका." असं कुणी सांगितलं तर लगेच पैसे काढू नका.

आमचं हूड ६ बाय ३ फुटांचं, म्हणजे १८ चौरस फूट. तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला १०० फूट धरला, तर १८०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १८०० घनफूट, हवा ओढली गेली पाहिजे. १२ बाय १२ इंची डक्टमधून ती १८०० फूट वेगानं जाते. पण तुळईखालून न्यायला सोपा म्हणून आमच्याकडे ९ बाय ९ चा बसवला होता. तेवढीच हवा त्यातून न्यायची तर वेग ३२०० वर जातो आणि घर्षणात जाणारा दाब चौपटीहून जास्त होतो. त्यात तीन काटकोनी बेंड! या वेगाला असा एकेक बेंड जवळपास २० मिलिमीटर पाण्याइतका दाब खातो. साध्या पात्यांच्या पंख्याला एवढं झेपत नाही.

दुसऱ्या कारागिरानं दाब मोजायला डक्टच्या पत्र्याला बारीक भोक पाडून रंगीत पाणी भरलेली वाकडी नळी लावली. पंख्याजवळ पाणी चांगलं वर चढलं, हुडाजवळ जेमतेम हललं. सगळा जोर वाटेतच संपत होता.

त्याच डक्टमधून दुप्पट हवा ओढायला दाब चौपट लागतो आणि वीज आठपट. म्हणून आधी डक्ट मोठा करा. बेंड गोलाईचे घ्या. वळणाची त्रिज्या रुंदीच्या दीडपट ठेवली की तोटा चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो. बेंडच्या आत हवा वळवणाऱ्या पट्ट्या मात्र नकोत, त्यांवर तेल साचतं. तेलाला आग लागते, म्हणून प्रत्येक वळणापाशी सफाईचं झाकण हवंच.

आणि जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायलाही वाट ठेवा. दारं-खिडक्या बंद ठेवून पंखा चालवला तर शेगड्यांना हवा अपुरी पडते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. मावशींच्या खोकल्यापेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटते.

कोटेशनमध्ये सीएफएम, डक्टचं माप आणि स्टॅटिक प्रेशर (पंख्याला पेलायचा दाब) लिहून मागा. नुसता हॉर्सपॉवर लिहिलेला असेल तर सही करू नका.