सूर्यफुलाचं घरचं बी का चालत नाही?

भालकी, औराद, आळंद भागात ज्यांच्या घरी कधी हायब्रीड सूर्यफूल पेरलं, त्यांना हे पाठ असतं: पिशवीतलं बी टाकलं की रान एकसारखं फुलतं, त्याच पिकाचं बी राखून पुढल्या वर्षी पेरलं की एक झाड कमरेला, दुसरं डोक्यावर. असं का, हे खोदून विचारणाऱ्या मुला-मुलींनी बारावीनंतर वनस्पती पैदासशास्त्राचा विचार जरूर करावा.

संकरित बियाण्याचे आई-बाप म्हणजे अनेक पिढ्या स्वपरागाने स्थिर केलेले दोन वाण. पहिल्या पिढीत प्रत्येक झाडाला दोघांचा सारखाच वाटा मिळतो. दुसऱ्या पिढीत जनुकांची वाटणी नव्याने होते, गुण फुटतात. संकर करायचा तर आईच्या झाडाला स्वतःचा पराग मिळता कामा नये. पण एका फुलात शेकडो फुलकं असताना हाताने पुंकेसर काढून बाजारापुरतं बी कसं होणार? १९६९ मध्ये फ्रान्सच्या लक्लेर्क यांना रानसूर्यफुलाशी केलेल्या संकरातून नरवंध्य, म्हणजे पराग न देणारी झाडं मिळाली. हे वंध्यत्व पेशीद्रवातून, फक्त आईकडून येतं. म्हणून बापाकडे प्रजननक्षमता परत देणारं जनुक हवं, नाहीतर शेतकऱ्याच्या पिकात परागच होणार नाही. याच पायावर बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने १९८० मध्ये बीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित सूर्यफूल वाण दिला.

करडईच्या डीएसएच-१२९ सारख्या संकरात मात्र वंध्यत्व अप्रभावी जनुकातून येतं. मादी ओळीतली निम्मी झाडं सुपीक निघतात. ती फुलू लागताच एकेक ओळखून, काटे सोसत उपटावी लागतात. हे काम खुर्चीतलं नाही.

‘शेतीतच घालायचं तर एवढं शिकवायचं कशाला?’ असं पालक विचारतात, आणि त्यांची काळजी खरी आहे. चार वर्षं बी.एस्सी. कृषी, दोन एम.एस्सी., संशोधक व्हायचं तर पुढे पीएच.डी.; स्थिर पगार उशिरा लागतो. एखादा वाण उभा राहायलाही आठ-दहा वर्षं जातात. मात्र काम घराजवळच आहे: हैदराबादची तेलबिया संशोधन संस्था, लातूरचं गळीतधान्य केंद्र, रायचूरचं कृषी विद्यापीठ, जालना-हैदराबादच्या बियाणे कंपन्या.

बारावीला जीवशास्त्र सोडू नका. कर्नाटकात केसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. घरच्या पहाणीवर जमीन असेल तर शेतकरी कोट्याच्या प्रात्यक्षिकाची तयारी करा. संविधानाच्या कलम ३७१ (जे) खाली कल्याण कर्नाटकातल्या संस्थांत स्थानिकांना ७० टक्के जागा राखीव आहेत, तो दाखला आधीच काढून ठेवा. राज्याबाहेरच्या अखिल भारतीय जागांसाठी सीयूईटी.

जानेवारीच्या सुमारास करडई फुलावर असते. तेव्हा आधी विचारून मुलाला एखाद्या संशोधन केंद्रावर न्या. पिशव्या बांधलेल्या बोंडांच्या ओळींत तो तासभर रमतो की कंटाळतो, ते बघा आणि मगच अर्ज भरा.