धुराच्या नळीतील पहारेकरी



परवा अकरावीचा तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला गाठले. अमेरिकेतील काही हौशी तरुण आपल्या स्पोर्ट्‌स कारखाली शिरतात, धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढतात आणि त्या जागी बाजारात मिळणारी सरळ नळी बसवतात, असे त्याने एका चित्रफितीत पाहिले होते. त्याने विचारले, "सर, वाटेतला अडथळा काढला की इंजिनाला मोकळा श्वास मिळणार. मग गाडी जोरात पळणारच ना?"

प्रश्न चांगला आहे. नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यापेक्षा आपण हिशेबच करू. पण हा 'अडथळा' तेथे का बसवला आहे, ते आधी पाहू.

पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. ज्वलन पूर्ण झाले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच पदार्थ तयार होतील. परंतु सिलिंडरमध्ये ज्वलनाला सेकंदाचा अगदी लहान अंश मिळतो. त्यामुळे काही कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, काही इंधन न जळताच बाहेर पडते आणि प्रखर उष्णतेमुळे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचाही संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट जोडला जातो. उरलेले दोन पदार्थ सूर्यप्रकाशात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिस शहरावरील डोळे चुरचुरवणारे धुके असेच तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले. त्याच काळात अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रेंच अभियंता यूजीन हूद्री यांनी मोटारीसाठी कन्व्हर्टर तयार केला. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे आणि शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होई. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आल्यावरच, १९७५ सालच्या अमेरिकन मोटारींपासून, त्याचा सर्रास वापर सुरू झाला. आपल्याकडे १९९५च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो बसू लागला.

या पोलादी डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, असंख्य बारीक नळ्यांचा चिनी मातीसारख्या पदार्थाचा ठोकळा असतो. नळ्यांच्या आतील भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचे सूक्ष्म कण असतात. सगळे मिळून काही ग्रॅमच. त्यांच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेले इंधन जळते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून नायट्रोजन मोकळा होतो. डबा सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की त्याचे काम नीट सुरू होते. मग या तीन विषारी घटकांपैकी नऊ दशांशाहून अधिक भाग तेथेच संपतो.

आता हिशेब. निसान ३५०झेड ही स्पोर्ट्‌स कार घेऊ. २००२ साली ती अमेरिकेत आली तेव्हा तिचे इंजिन ३.५ लिटरचे आणि २८७ अश्वशक्तीचे होते. मिनिटाला ६,००० फेरे होत असतील, तर चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर रिकामे होतात. म्हणजे दट्टे मिनिटाला ३,००० × ३.५ = १०,५०० लिटर, अर्थात सेकंदाला ०.१७५ घनमीटर आकारमान बाहेर ढकलतात. कन्व्हर्टरमुळे वाढलेला विरुद्ध दाब १०,००० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश, धरू.

शक्ती = दाब × दर सेकंदाचे आकारमान
= १०,००० × ०.१७५ = १,७५० वॅट

७४६ वॅट म्हणजे १ अश्वशक्ती. तेव्हा ही हानी झाली सुमारे २.३ अश्वशक्ती.

दुसरी हानीही आहे. दट्ट्या वर पोहोचला तरी सिलिंडरच्या माथ्याशी थोडी जागा उरते. ती दट्ट्याने रिकाम्या केलेल्या आकारमानाच्या साधारण नवव्या भागाइतकी असते. तेथे अडकलेल्या जळक्या वायूचा दाब एक दशांशाने जास्त असल्यामुळे तो पसरतो आणि ताज्या मिश्रणाची सुमारे एक टक्का जागा अडवतो. ही हानी झाली आणखी ३ अश्वशक्ती.

एकूण सुमारे ५. २८७ पैकी दोन टक्केसुद्धा नाहीत! शिवाय सरळ नळीचा रोध आपण शून्य धरला आहे; तो तसा नसतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात आकडा वेगळा येईल, पण हिशेबाची रीत हीच.

तो विद्यार्थी कागदाकडे पाहत म्हणाला, "पाचच? पण गाडी केवढी जोरात वाटते!" वाटते खरी, कारण पोळ्याच्या बारीक नळ्या आवाजही शोषतात. त्या काढल्या की आवाज वाढतो आणि मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ती, असे आपले मन ठरवून टाकते.

दुसऱ्या पारड्यात काय आहे? कन्व्हर्टर शंभरातील नव्वद भाग विष संपवत असेल, तर बाहेर दहा भाग पडतात. तो काढल्यावर शंभर पडतात, म्हणजे दहापट. दोन टक्के शक्तीसाठी दहापट विष! शक्ती चालकाला मिळते, विष मात्र मागून सायकलवर येणाऱ्या मुलाला. म्हणूनच रस्त्यावरील गाडीचा कन्व्हर्टर असा काढणे अमेरिकेत बेकायदा आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यालाही उत्पादकाच्या रचनेतील असा बदल मान्य नाही.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. कन्व्हर्टर असला तरी गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नये. थंड कन्व्हर्टर जवळजवळ काहीच काम करत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वास देऊन सावध करत नाही.

करून पाहा : औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइडचे सौम्य द्रावण एका काचेच्या पेल्यात घ्या. त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाका. फोडीवर बुडबुडे येतील; तो ऑक्सिजन होय. बुडबुडे थांबल्यावर तीच फोड धुऊन ताज्या द्रावणात टाका. पुन्हा बुडबुडे येतात. बटाट्यातील उत्प्रेरक क्रिया घडवतो, पण स्वतः खर्च होत नाही. कन्व्हर्टरमधील प्लॅटिनमचेही तसेच आहे.

विचार करा :
१. कन्व्हर्टर ९५ टक्के विष संपवत असेल, तर तो काढल्यावर बाहेर पडणारे विष किती पट होईल?
२. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना विरुद्ध दाब २,५०० पास्कल धरला, तर दट्ट्यांना त्याविरुद्ध किती वॅट खर्चावे लागतील?