न मागितलेलं विसण

गरम पाणी येईनासं झालं की घरोघरी पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: गिझर गेला. त्यामागोमाग दुसरा: नवीन घ्या. खडकवासल्यात राहायला आल्यापासून इथल्या हिवाळ्यांनी मला वेगळंच शिकवलं. पाणी तापवणारं यंत्र बरेचदा आपलं काम चोख करत असतं. तापलेलं पाणी नळापर्यंत येताना अडतं, निवतं, नाहीतर त्यात कुठेतरी परस्पर विसण पडत असतं. म्हणून कोणालाही फोन करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यायची: पाणी तापतच नाहीये, की तापलेलं आपल्यापर्यंत पोचत नाहीये? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा सगळा खर्च अवलंबून असतो.

आमची इमारत किरकटवाडीकडून धरणाकडे येताना लागते. गच्चीवर सगळ्यांचा मिळून सोलर आहे. शिवाय बहुतेकांनी दुसऱ्या बाथरूममध्ये विजेचा गिझर लावलाय, काहींनी ड्राय बाल्कनीत गॅसचा. डिसेंबर-जानेवारीत या बाजूला पहाटे चांगलंच गारठतं. पुण्याचं तापमान दहाच्या खाली गेल्याची बातमी येते तेव्हा एनडीएच्या आसपास, हवेलीत ते बरेचदा आणखी खाली असतं. अशाच एका डिसेंबरात सोलरचं पाणी एकाएकी कोमट यायला लागलं. आधी खालच्या मजल्यांवर, मग सगळीकडे. तपासायला आलेल्या माणसाने गच्चीवर एक फेरी मारली, नळ्यांवर हात फिरवला आणि सांगितलं की नळ्या गेल्या, टाकीचं इन्शुलेशनही गेलं, सगळं बदलावं लागेल. कोटेशन दुसऱ्या दिवशी आलं. कमिटी सहीच्या बेतात होती.

आमच्या शेजारचे काका इथल्याच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. १९१६ पासून पाण्याच्या वागण्याचाच अभ्यास करणाऱ्या संस्थेत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी कोटेशन बाजूला ठेवलं आणि थर्मामीटर मागितला. संध्याकाळी गच्चीवर टाकीच्या गरम बाजूचं पाणी बादलीत काढून मोजलं, तर ते साठ अंशांच्या जवळ. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला, पाइपातलं गार पाणी सगळं जाऊ दिल्यावरही, पस्तीसच्या आत. म्हणजे ऊन, नळ्या, टाकी यांचं काही बिघडलेलं नव्हतं. गच्ची आणि नळ यांच्या मधे कुठेतरी गार पाणी गरम लाइनीत शिरत होतं.

ते कसं शोधायचं याची त्यांनी दाखवलेली चाचणी प्रत्येकाने शिकून ठेवावी अशी आहे. सोलरच्या टाकीत गार पाणी नेणारा कॉक पूर्ण बंद करायचा. मग घरातला कुठलाही एक नळ फक्त गरम बाजूने उघडायचा. वरचं साचलेलं थोडं पाणी येईल आणि धार बंद व्हायला हवी. ती चालूच राहिली, तर ते पाणी सोलरमधून येत नाहीये. गार लाइनीतून उलटं फिरून येतंय. आमच्याकडे धार थांबलीच नाही. घरच्या गिझरलाही हीच परीक्षा लागू पडते: गिझरचा इनलेट कॉक बंद करा, गरम नळ उघडा. पाणी वाहतच राहिलं तर आधी गिझरला दोष देऊ नका.

मग घराघरांत जाऊन मिक्सर पाहिले. दोन घरांत दोष सापडला. मिक्सरला हँड शॉवर जोडलेला, आणि मिक्सरचे गरम-गार दोन्ही कॉक उघडे ठेवून पाणी फक्त शॉवरच्या तोंडाशी असलेल्या बटणाने बंद केलेलं. बाहेरून सगळं बंद दिसतं, थेंब गळत नाही. आत मात्र मिक्सरच्या पोटात गार आणि गरम लाइन एकमेकींना जोडलेल्या राहतात, आणि ज्या बाजूला दाब जास्त तिकडून पाणी दुसरीकडे ढकललं जातं. आमच्या गार लाइनीला वर्षभरापूर्वी प्रेशर पंप बसवला होता. सोलरची लाइन नुसत्या उताराने येणारी. त्यामुळे गार पाणी चोवीस तास गरम पाइपात घुसत होतं, आणि वरच्या दोन घरांतल्या उघड्या मिक्सरची शिक्षा सगळ्या इमारतीला होत होती. प्लंबरने प्रत्येक बाथरूमच्या गरम लाइनीवर नॉन रिटर्न वॉल्व्ह बसवले. टाकी बदलायच्या कोटेशनपुढे तो खर्च किरकोळ होता. तुमच्याकडे प्रेशर पंप बसवायचा विषय निघाला, तर गरम लाइनीचं काय करणार हे त्याच बैठकीत विचारा. नुसत्या गार लाइनीचा दाब वाढवला की हे दुखणं आज ना उद्या येतंच.

पाइपाचाही हिशेब मांडून ठेवावा. पाऊण इंची पाइपाच्या तीस मीटरमध्ये साडेसात-आठ लिटर पाणी मावतं. रात्रभर उभं राहून ते गार झालेलं असतं, आणि सकाळी पहिला नळ उघडणाऱ्याला तेवढं काढावंच लागतं. हा बिघाड नाही. ते बादलीत धरून धुण्याला वापरावं, आणि गच्चीवरच्या उघड्या पाइपाला इन्शुलेशनची नळी चढवावी. उन्हाने ती दोन-तीन वर्षांत तडकते, तेव्हा तीही दरवर्षी पाहावी.

आता विजेच्या गिझरबद्दल. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर शॉवरसाठी घेऊ नका, मग दुकानदार काहीही म्हणो. तीन किलोवॉटच्या कॉइलची ताकद एवढीच की मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी वीस अंशांनी तापेल. साध्या शॉवरमधून मिनिटाला सहा-आठ लिटर सहज जातं. भांडी घासायला, बादली हळूहळू भरायला तो ठीक आहे. पंधरा लिटरच्या, दोन किलोवॉटच्या गिझरला थंडीतलं पाणी साठ अंशांवर न्यायला वीस-बावीस मिनिटं लागतात. एक जण न्हाऊन निघाला आणि दुसरा लगेच शिरला, तर त्याला कोमटच मिळणार. त्यात दोष कोणाचाच नाही.

खरा दोष इथे पाण्याचा असतो. समोर धरण दिसतं, आणि ते पाणी मृदू आहे. पण २०२१ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी आमचं एक. आमच्यासारख्या कित्येक इमारतींच्या टाक्यांत अजून बोअर आणि टँकरचंच पाणी जास्त पडतं. बसाल्टाच्या भेगांतून येणारं हे पाणी जड असतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्षारांचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. एकदा प्रयोगशाळेत आपलं पाणी तपासून घ्या. आकडा हातात असला की पुढचे निर्णय सोपे होतात. जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो. गिझरमधून खडखड, चरचर असा आवाज येतो, पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, बिल वाढतं आणि शेवटी कॉइलचं आवरण तडकतं. तेव्हा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारं बटण, पडायला लागतं. ते पुन्हा पुन्हा वर करून अंघोळ उरकणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. ते बटण पडतं कारण वीज पाण्याच्या वाटेला लागलेली असते. वायरमन येईपर्यंत गिझर बंद म्हणजे बंद.

दिवाळीआधी गिझर उघडून साफ करून घ्यावा, आणि त्या वेळी मॅग्नेशियमचा रॉड, ज्याला मेकॅनिक ॲनोड म्हणतात, तो दाखवायला सांगावा. टाकीच्या पत्र्याऐवजी तो स्वतः झिजतो. काडीएवढा उरला असेल तर बदला. रॉड संपला की टाकी गंजायला लागते, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही. शॉवरच्या आणि मिक्सरच्या जाळ्याही त्याच दिवशी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवाव्यात. कमी धारेच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

माझी भाची लंडनला असते. तिच्याकडे कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे घर तापवणं आणि नळाला गरम पाणी देणं ही दोन्ही कामं करणारं एकच गॅसचं यंत्र. तिचं दुखणं ऐकलं तेव्हा मला आमचीच इमारत आठवली. रेडिएटर कढत, नळाला मात्र कोमट. तिथेही प्रश्न तोच: आच तयार होते का, आणि जाते कुठे? रेडिएटर तापतात म्हणजे बर्नर शाबूत. मग संशय दोन जागी. एक, पाण्याची वाट बदलणारा डायव्हर्टर वॉल्व्ह अडकला. दुसरा, नळाचं पाणी तापवणारी पत्र्यांची जुडी चुन्याने भरली. लंडनचं पाणीही आमच्या बोअरसारखंच जड. तिची जुडी भरली होती. बॉयलरच्या काट्यावर गार असताना दाब एक ते दीड बार आहे का पाहणं, रेडिएटर वरून गार लागला तर त्यातली हवा काढणं, एवढं घरच्याने करावं. झाकण उघडायचं ते फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाने, असा तिथला कायदाच आहे. आपल्याकडे गॅसच्या यंत्राला हात लावायला कोणालाच काही लागत नाही, आणि म्हणून पुढचं सगळ्यात महत्त्वाचं.

गॅस गिझरला पेटायला पाण्याचा ठरावीक दाब लागतो. दाब कमी पडला की आतला पडदा उचलला जात नाही आणि गॅस सुटत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर जेमतेम दोन मीटर उंच असेल तर तो पेटत नाही किंवा मधेच विझतो. आधी सेल बदलून पाहा, पाण्याच्या तोंडाची जाळी साफ करा, मग दाबाकडे वळा. हे सगळं गिझर बाहेर, ड्राय बाल्कनीत टांगलेला असतानाचं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने वेगळा उपाय काढला. बाल्कनीपासून बाथरूमपर्यंत येताना पाणी निवतं म्हणून गिझर उचलून बाथरूमच्या आतच बसवला. बसवणाऱ्याने एका शब्दाने हरकत घेतली नाही.

त्यांची सून पहाटे अंघोळीला गेली. थंडी म्हणून खिडकीच्या काचा ओढलेल्या. पाण्याचा आवाज येतोय आणि हाकेला ओ नाही, हे सासूबाईंच्या लक्षात आलं म्हणून ती वाचली. दार तोडलं तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती, अंगाला झटके येत होते. घरच्यांना वाटलं फिट आली.

ती फिट नव्हती. सहा लिटरचा गॅस गिझर म्हणजे दहा किलोवॉटची आग; शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या तीन-चार पट. तिला तासाला दहा घनमीटरहून जास्त हवा लागते, आणि आपल्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये सगळी मिळून आठेक घनमीटर हवा असते. ती लवकरच कमी पडते, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला की असे झटके येतात. आपल्या आज्यांच्या तांब्याच्या बंबालाही धुराडं होतं आणि तो परसात पेटायचा. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका: दार-खिडकी बंद असेल तर बाहेरची हवा आत येणार कुठून? गॅस गिझर बाथरूममध्ये नको. बाल्कनी काचांनी बंद करून घेतली असेल तर तिथेही नको. पाइप लांब पडत असेल तर त्याला इन्शुलेशन चढवा, नाहीतर आत विजेचा गिझर लावा.

अंघोळ करताना डोकं दुखायला लागलं, गरगरलं, मळमळलं, पाय लटपटले तर नळ बंद करत बसू नका, तसंच दार उघडून बाहेर या. दुसरा कोणी आत पडला असेल तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. त्यावर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला रक्तात चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही, तो खुशाल अठ्ठ्याण्णव दाखवतो. रुग्णाला मास्कने भरपूर ऑक्सिजन लागतो, तोही ताबडतोब. आमच्या ओळखीच्या त्या घरी घाबरलेल्या मंडळींनी दवाखान्यात फक्त ‘झटके आले’ एवढंच सांगितलं, आणि खरं कारण पुढे यायला बराच वेळ गेला. तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.