भोपाळला शूटिंग करताय? आधी ट्रक मोजा, मग बाटल्या

भोपाळ आता सिनेमावाल्यांना परकं राहिलेलं नाही. बी. आर. चोप्रांनी १९५७च्या ‘नया दौर’चं बाह्यचित्रण जवळच्या बुधनीत केलं होतं. टांगा विरुद्ध मोटारबस अशी गोष्ट होती ती; आज ती लिहिली असती तर टांगेवाल्याला पर्यावरणवादी म्हटलं असतं. पुढे प्रकाश झांनी ‘राजनीती’, ‘आरक्षण’, ‘सत्याग्रह’ असे एकामागून एक चित्रपट इथे केले. ‘स्त्री’चं काही चित्रण इथलं, ‘पंचायत’मुळे सीहोरजवळचं महोडिया गाव घराघरांत पोचलं, ‘लापता लेडीज’ही सीहोर जिल्ह्यातच झाला. सगळ्यात चित्रपटस्नेही राज्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मध्य प्रदेशाने एकापेक्षा जास्त वेळा घेतला आहे.

‘ग्रीन शूट’ म्हटलं की युनिटला लोगोवाल्या स्टीलच्या बाटल्या वाटतात, एक झाड लावतात, फोटो काढतात. बाटली वाईट नाही, पण ती यादीत फार खाली येते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, पर्यावरणस्नेही चित्रीकरणासाठी काम करणारी आल्बर्ट ही संस्था आणि अरुप ही सल्लागार कंपनी यांनी २०२०मध्ये मोठ्या बजेटच्या चित्रपटांचा हिशेब मांडला. सरासरी एका चित्रपटामागे २,८४० टन कार्बन निघाला. त्यातला निम्मा प्रवास आणि वाहतुकीचा, सुमारे एक तृतीयांश स्टुडिओतल्या विजेचा आणि गॅसचा, आणि १५ टक्के डिझेल जनरेटरचा होता. आपले चित्रपट आणि मालिका तेवढ्या अवाढव्य नसतात, पण क्रम तोच धरायला हरकत नाही. ही यादी त्याच क्रमाने आहे: जड आधी, हलकं मागून.

गाड्या आणि माणसं

करा: मुंबईहून काय आणायचं याची नव्हे, काय आणायचं नाही याची यादी आधी करा. मुंबई ते भोपाळ रस्त्याने साधारण पावणेआठशे किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं, तर एका बाजूला १९५ लिटर डिझेल जळतं. एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक ट्रक जाऊन-येऊन टनाच्या वर जातो. लाइटचे, ग्रिपचे, आर्टचे, कॉस्च्युमचे ट्रक आणि व्हॅनिटी व्हॅन मोजा. पहिला शॉट लागायच्या आधीच किती टन झाले ते कळेल. ट्रॅक, ट्रॉली, स्टँड, कटर, फर्निचर, खुर्च्या-टेबलं यातलं जे भोपाळ-इंदूरला भाड्याने मिळतं ते तिथेच घ्या.

करा: माणसं रेल्वेने आणा. पंजाब मेल १९१२पासून धावते आहे आणि भोपाळवरून जाते. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आहे. रात्री बसलं की सकाळी-दुपारी भोपाळ. विमानाच्या तुलनेत माणशी कार्बन कितीतरी पट कमी. ‘आर्टिस्टला ट्रेन कशी सांगायची?’ हा प्रश्न खरा आहे. आर्टिस्ट चार असतात, युनिट दीडशेचं असतं. दीडशेपासून सुरुवात करा.

करा: लोकेशनचे गुच्छ बांधा. जुनं भोपाळ, सीहोर, रायसेन या तिन्ही दिशा वेगवेगळ्या. शेड्यूल आर्टिस्टच्या तारखांवर बांधलं की युनिट रोज शहरातून चाळीस-पन्नास किलोमीटर जातं आणि परत येतं. सीहोरचे सगळे सीन सलग लावा आणि त्या दिवसांत युनिटचा मुक्काम सीहोरलाच ठेवा. असिस्टंट डायरेक्टरच्या वहीत जेवढं डिझेल वाचतं तेवढं सेटवर कुणालाच वाचवता येत नाही.

टाळा: प्रत्येक खात्याला स्वतंत्र इनोव्हा. आणि एसी चालू ठेवून उभ्या गाड्या. ड्रायव्हरला सावलीत बसायला जागा आणि एक पंखा दिला की हे निम्मं थांबतं. त्याला रागावून थांबत नाही.

टाळा: बाहेरून सगळं युनिट आणणं. भोपाळला भारत भवन आहे, रंगभूमीची जुनी परंपरा आहे, नटांची आणि तंत्रज्ञांची वानवा नाही. स्थानिक माणूस घेतला की तिकीट, हॉटेल, गाडी तिन्ही वाचतात.

वीज

इथे थोडं थांबतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच खात्यात आहेत.

जनरेटर बंद केला की हवा स्वच्छ झाली, असं सरळ गणित नाही. आपल्या ग्रिडची वीज मुख्यतः कोळशाची. तिच्या एका युनिटमागेही सुमारे सातशे ग्रॅम कार्बन असतो. नीट भार असलेला जनरेटर त्यापेक्षा फार वाईट नाही. पण शूटिंगचा जनरेटर नीट भारावर चालतो कुठे? १२५ केव्हीएचा सेट अर्ध्या भारावर तासाला पंधरा लिटरच्या आसपास पितो. दोन दिवे, मॉनिटर आणि चहाची किटली एवढ्यासाठी तो चालू ठेवला, तर डिझेल काही त्या प्रमाणात कमी होत नाही. लाइटिंग बदलताना, जेवणाच्या सुट्टीत, आर्टिस्ट मेकअपमध्ये असताना तो धडधडत राहतो. खरी गळती ती आहे. शिवाय डिझेलच्या विजेचं एक युनिट पंचवीस-तीस रुपयांना पडतं आणि धूर गल्लीतल्या घरात शिरतो, तो वेगळाच.

करा: चार-पाच दिवसांपेक्षा जास्त एका जागी असाल तर वीज वितरण कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्या. अर्ज रेकीनंतर लगेच करा. शूटिंगच्या आदल्या दिवशी धावलात तर जनरेटरच लावावा लागेल.

करा: गॅफरला बसवून खऱ्या भाराची बेरीज करा. एलईडी पॅनेल चारशे वॅटच्या आसपास काम भागवतं, जिथे पूर्वी दोन-दोन किलोवॅटचे टंगस्टन लागायचे. दिवे बदलले पण जनरेटर जुन्याच सवयीने मोठा मागवला, असं सर्रास होतं. लहान मागवा. मॉनिटर, चार्जिंग, मेकअपचे आरसे एवढ्यासाठी बॅटरीचे पॉवर स्टेशन पुरतात.

करा: लेपल माइकसाठी रिचार्जेबल सेल वापरा. एका सेटवरच्या कचऱ्याच्या डब्यात संध्याकाळी किती सेल पडतात ते साउंडवाल्याला विचारा.

टाळा: दिवसाचा सीन रात्री, मोठ्या एचएमआयने ‘ऊन’ पाडून उरकणं. कधी इलाज नसतो. बहुतेक वेळा शेड्यूल कोसळलेलं असतं आणि त्याची किंमत डिझेलने भरली जाते.

सेट आणि कपडे

करा: जे उभं आहे ते वापरा. ‘पंचायत’चं अर्धं यश महोडियाच्या खऱ्या गल्ल्यांत, घरांत आणि पाण्याच्या टाकीत आहे. बांधायचंच असेल तर नट-बोल्टवर बांधा, खिळ्यांवर नको. प्लायवूड पुन्हा वापरता येतं. ‘जोधा अकबर’चे सेट कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत शूटिंगनंतरही उभे राहिले, लोक तिकीट काढून बघायला गेले. प्रत्येक सेटचं असं भाग्य नसतं, पण दरवाजे-खिडक्या-खांब तरी पुढच्याच्या कामी येतात. तोडायच्या आधी दुसऱ्या आर्ट डायरेक्टरला फोन करा.

टाळा: सजावटीचा थर्माकोल. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२पासून जी बंदी आहे, तिच्यात तोही येतो आणि शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही. भोपाळमधल्या चित्रपटांत राजकारण असतंच आणि राजकारण आलं की सभा, सभा आली की फ्लेक्स, झेंडे, पाण्याचे पाऊच. कापडी फलक आणि हाताने रंगवलेल्या भिंती जुन्या शहरात जास्त खऱ्या दिसतात, आणि दोन पेंटरांना काम मिळतं. झेंड्यावर तारीख किंवा साल छापू नका, म्हणजे ते पुढच्या निवडणुकीलाही चालतील. चित्रपटातल्या, अर्थात.

टाळा: कपडे जुने दिसावेत म्हणून रंग आणि पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवल्यावर ते पाणी नाल्यात ओतणं. आणि काळ्या धुरासाठी टायर जाळणं. दुसऱ्या गोष्टीला कसलंही समर्थन नाही.

तलाव, जंगल, वस्ती

करा: मोठ्या तलावावर शॉट घेण्याआधी नियम वाचा. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधलेला हा तलाव भोज पाणथळीचा भाग आहे आणि ती २००२पासून रामसर यादीत आहे. शहरातल्या सुमारे चाळीस टक्के लोकांच्या नळाला हेच पाणी येतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळमधल्याच पीठाने २०२३मध्ये इथल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला सांगितलं. तेव्हा हिरोची एंट्री वल्हवलेल्या होडीतून होऊ द्या.

टाळा: केरवा, कलियासोतच्या बाजूला उरलेलं जेवण टाकणं. या भागात वाघ फिरतात, शहराच्या अगदी कडेला. उष्ट्यावर कुत्री आणि डुकरं जमतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. गोरेगावच्या चित्रनगरीला हे सांगायला नको; जुलै २०२३मध्ये ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’च्या सेटवर बिबट्याची मादी पिल्लासह शिरली होती.

टाळा: फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जंगलात आगीचे शॉट, आतषबाजी, विडी-सिगारेट. हा वणव्याचा हंगाम असतो आणि साग पानं गाळून बसलेला असतो. रातापानी डिसेंबर २०२४पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच जंगलातल्या भीमबेटक्याच्या चित्रांजवळ धूर सोडायची कल्पना कुणाला सुचली तर त्याला परत हॉटेलवर पाठवा.

टाळा: निसर्ग ‘सुधारणं’. थायलंडच्या माया बेवर ‘द बीच’साठी १९९९मध्ये वाळू सपाट केली, झाडं उपटली, खटला वीस वर्षांहून जास्त चालला.

करा: धुराचा किंवा वायूचा सीन असेल तर वस्तीला आधी सांगा, दारोदार जाऊन. हे भोपाळ आहे. २-३ डिसेंबर १९८४ची, युनियन कार्बाइडच्या वायुगळतीची रात्र पाहिलेली माणसं अजून त्याच गल्ल्यांत राहतात आणि त्यांतल्या कित्येकांची फुप्फुसं त्या रात्रीपासून अधू आहेत. ‘फॉग मशीन आहे, काही होत नाही’ हे वाक्य त्यांच्या दारात बोलू नका. कुणी नको म्हटलं तर तो सीन स्टुडिओत करा.

जेवण आणि कचरा

करा: वीस लिटरचे जार, प्रत्येकाची बाटली. दीडशे जणांचं युनिट माणशी पाच बाटल्या धरून दिवसाला साडेसातशे बाटल्या फोडतं. चाळीस दिवसांत तीस हजार. ताटं स्टीलची. धुवायला पाणी नसेल तर पानांच्या पत्रावळी-द्रोण, मध्य प्रदेशात ते सहज मिळतात. प्लास्टिकचा थर दिलेले ‘कागदी’ नकोत.

टाळा: ‘कंत्राटदार बघेल’ म्हणणं. ऑक्टोबर २०२०मध्ये गोव्यातल्या नेरूळला एका हिंदी चित्रपटाच्या युनिटने वापरलेल्या पीपीई किटसह कचरा उघड्यावर सोडला. राज्यभर गदारोळ झाला आणि नोटीस गेली ती लाइन प्रोड्यूसरला.

कचरा उचलणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: कुठे नेतोस? युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षं पडून होता. जानेवारी २०२५मध्ये तो बारा कंटेनरमधून पिथमपूरला गेला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. इथून गेलेलं कुणाच्या तरी गावी पोचतं हे या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ओला, सुका, पीओपीचा मलबा आणि रंगाचे डबे वेगळे ठेवा, महापालिकेची पावती घ्या.

हिशेब

टाळा: शेवटी झाडं लावून ‘कार्बन न्यूट्रल’ जाहीर करणं. आधी लिटर कमी करा. झाडं हवी तेवढी लावा, पण ती वजाबाकीत धरू नका.

करा: आकडे ठेवा. त्यासाठी वेगळा सल्लागार लागत नाही. राज्याचं अनुदान मागायचं तर बिलं सांभाळावीच लागतात. डिझेल, तिकिटं, हॉटेलच्या खोल्या, वीज हे सगळं त्याच फायलीत असतं. पुढच्या शूटिंगच्या रोजच्या प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये (डीपीआर) एक रकाना वाढवा: आज डिझेल किती लिटर. जनरेटरचं वेगळं, गाड्यांचं वेगळं. आणि पॅकअपनंतर त्याच्यावर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरची सही घ्या, स्पॉट दादाची नको.