गुलमर्गला ऊन पडलं की जपा

डिसेंबर लागला की दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न सुरू होतो. ‘डॉक्टर, काश्मीरला चाललोय. बर्फ पडला तर काय काळजी घ्यायची?’ विचारणारे बहुधा साठीच्या आसपासचे. सोबत मुलगा-सून, एखादं नातवंड, आणि हातात टूरवाल्यांनी दिलेला कागद, ज्यात गुलमर्गच्या दिवसापुढे ‘स्कीइंग व गोंडोला’ असं छापलेलं असतं. मी त्यांना सांगतो, बर्फ पडत असेल त्या दिवशी काळजी आपसूक घेतली जाते. कोणी बाहेरच पडत नाही. बर्फ थांबून लख्ख ऊन पडतं, त्या दिवसाची तयारी करून जा.

हे ऐकून लोक हसतात, पण त्यामागे हवामानाचा साधा हिशेब आहे. काश्मीरला हिवाळ्यात बर्फ मिळतो तो भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे. झंझावात डोक्यावर असतो तेव्हा आकाश ढगांनी झाकलेलं असतं, त्यामुळे जमिनीतली ऊब फारशी सुटून जात नाही आणि रात्रीचा पारा त्या मानाने धरून राहतो. वारा आणि बर्फ असला की गोंडोला (केबल कार) बंद, पर्यटक हॉटेलात. मग झंझावात पुढे सरकतो, आकाश निवळतं आणि त्या रात्री पारा धाडकन खाली येतो. जानेवारीत गुलमर्गला उणे दहा ही काही नवलाची गोष्ट नाही. सकाळी निळंभोर आकाश, ताजा भुसभुशीत बर्फ, गोंडोला सुरू आणि दोन दिवस अडकून पडलेली सगळी गर्दी एकदम वर. थंडी जास्त, ऊन जास्त, डोंगरउतारावरचा बर्फ अजून न बसलेला, आणि माणसं मात्र सर्वांत बेफिकीर. बर्फाळ डोंगरात माणसं दुखावतात ती अशा दिवसांत.

(बर्फ मिळेलच याचीही खात्री नसते, हेही सांगून ठेवतो. 21 डिसेंबर ते जानेवारीअखेर ‘चिल्लई कलान’चे चाळीस दिवस काश्मिरी माणूस कडाक्याचे मानतो. पण 2024च्या जानेवारीत गुलमर्गची माळरानं तपकिरी, उघडी होती आणि बर्फ आला तो महिना सरता सरता.)

आता उंचीचं बघू. कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे श्रीनगरच्या विमानतळावर पाय ठेवता तेव्हाच तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्याइतके वर असता. गुलमर्ग साधारण 2650 मीटर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे 3100 मीटरवर सोडतो आणि दुसरा अफरवत शिखराच्या खांद्यावर, जवळपास 3950 मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. मुंबईहून निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत, एकही पायरी न चढता तिथे पोचतो.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. धडधाकट माणसाने अफरवतवर तासभर राहून खाली येण्यात सहसा काही बिघडत नाही, कारण उंचीचा त्रास सुरू व्हायलाच बहुतेकदा सहा ते बारा तास लागतात. खरी परीक्षा असते गुलमर्गला मुक्काम करणाऱ्यांची. पहिल्या रात्री डोकं ठणकणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं. उपाय साधे : विमानातून उतरल्यावर एक-दोन रात्री श्रीनगरला काढा, गुलमर्गच्या पहिल्या दिवशी धावपळ नको, पाणी भरपूर प्या. थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र जास्त होते, हे विसरलं जातं. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळीबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती गोळी मित्राच्या खिशातून घेऊन खाऊ नये. डोकेदुखीसोबत चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा स्वस्थ बसूनही धाप लागू लागली, तर रात्र उलटायची वाट बघू नका. त्याच वेळी खाली उतरा.

याच डोकेदुखीचा एक धोकादायक तोतया आहे. बंद खोलीत पेटवलेली बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी), गॅसचा हीटर किंवा निखाऱ्यांची कांगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि आपण म्हणतो, ‘उंचीमुळे होतंय.’ ओळख अशी : एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखतंय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर हलकं वाटतंय, तर संशय शेगडीवर घ्या. करोनापासून घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलं वाटतं, त्यामुळे माणूस गुदमरत असताना आकडा 98 दिसू शकतो. उलट गारठलेल्या बोटावर तोच आकडा उगाच कमी दाखवतो आणि कुटुंबाची झोप उडवतो. झोपताना शेगडी विझवा, खिडकीची फट ठेवा, रजई जास्तीची मागून घ्या.

डोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळं नीट करणारी माणसंही इथे चुकतात. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरणांचा मारा अंदाजे दहा टक्क्यांनी वाढतो. ताजा बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. म्हणजे ऊन वरून येतं तसंच खालूनही येतं, टोपीच्या झापेखालून थेट डोळ्यांत. त्या क्षणी काहीच कळत नाही. फोटो काढून, मॅगी खाऊन माणूस श्रीनगरला परततो आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. पाणी थांबत नाही, खोलीतला दिवा सहन होत नाही, पापणी उघडायला गेलं की कळ येते. बुबुळाचा वरचा पापुद्रा उन्हाने भाजलेला असतो. दृष्टी गेली या भीतीने रडकुंडीला आलेल्या माणसाला फोनवरून धीर देण्याचं काम माझ्याकडे अधूनमधून येतं. धीर देता येतो, कारण बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा, खोलीत अंधार करा, मिटल्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवा, कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला, दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल घ्या. डोळे चोळायचे नाहीत आणि भूल देणारे थेंब मेडिकलमधून आणून पुन्हापुन्हा घालायचे नाहीत. त्याने जखम भरायची थांबते. दोन दिवसांत फरक नाही पडला तर नेत्रतज्ज्ञ गाठा.

हे टाळायला चष्मा हवा तो बाजूनेही झाकणारा आणि यूव्ही 400 लिहिलेला. तिथे भाड्याने मिळणारा नुसता काळा चष्मा उपयोगाचा नाही. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते आणि किरण अडत नसतील तर आणखी आत जातात. पातळ ढग आले म्हणून चष्मा काढू नका. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. परतल्यावर तिथलीच कातडी सोललेली दिसते.

थंडीचा आकडा फोनवर बघताना वारा जमेस धरा. उणे 10 अंश आणि ताशी 30 किलोमीटर वारा, की उघड्या चेहऱ्याला ते उणे 20 वाटतं. अफरवतवर वारा नेहमीचाच. गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्गला भाड्याने मिळणारा जाड कोट आणि गमबूट ठीक, पण त्या कोटाआत सुती बनियन आणि खाली जीन्स असेल तर घामाने ओलं झालेलं सूत दिवसभर अंगाला गार फडकं गुंडाळल्यासारखं बसतं. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं कापड. स्कीच्या बुटांत दोन-दोन मोजे कोंबू नका. पाय आवळला की रक्त पोचत नाही आणि बोटं आधी गारठतात.

दर पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघा. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल यांवर मेणासारखा पांढरट डाग दिसला, की गारठा कातडीत शिरायला लागला. ज्याला डाग पडतो त्याला तो कळत नाही, कारण ती जागा बधिर झालेली असते. आत जा, उबदार तळवा नुसता ठेवा. चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. बोटं कडक, बधिर झाली असतील तर 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची आणि तडक डॉक्टरांकडे जायचं. बुखारीसमोर हात शेकायचे नाहीत, भाजलेलं कळणार नाही. मधुमेहींनी पायाशी कांगडी किंवा गरम पाण्याची पिशवी घेऊच नये. इन्सुलिन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, मग ते वितळून दिसायला कितीही चांगलं दिसो. आणि अंगात ऊब यावी म्हणून घेतलेला रमचा पेग? कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतो. गरम वाटतं आणि शरीर मात्र भराभर गार होतं. कहवा प्या. नून चहाही प्या, पण त्यात मीठ असतं हे ब्लडप्रेशरवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

स्कीइंगला नवखे असाल तर दुखतो तो गुडघा आणि हाताचा अंगठा. बांधलेला पाय एका दिशेला आणि धड दुसऱ्या दिशेला गेलं की गुडघ्यातला लिगामेंट तुटतो. पडताना ‘टक्’ असं काही जाणवलं आणि दोन-चार तासांत गुडघा सुजला, तर दिवस संपला असं समजा. बर्फाने शेका, पट्टा बांधा, मालिश नको. तोल जातोय असं वाटलं तर सावरायची धडपड न करता बाजूला बसकण मारा. पडताना काठी मुठीतून सोडून द्या, नाहीतर अंगठा मागे ओढला जातो. बूट स्कीपासून सुटण्याची यंत्रणा तुमच्या वजनावर बेतून लावतात. तेव्हा वजन खरं सांगा, इथे लाजलात तर किंमत गुडघा मोजतो. हेल्मेट मागून घ्या. आणि दुपार कलल्यावरची ‘शेवटची एक’ फेरी सोडा. पाय थकलेले असतात आणि दिवसा उन्हाने पाझरलेला बर्फ तेव्हा पुन्हा काचेसारखा कडक होऊ लागतो.

नवख्यांचे उतार हिमस्खलनाच्या वाटेत नाहीत. पण वरच्या टप्प्यावर दोरीपलीकडचा कोरा बर्फ खुणावतो. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात गेले. गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात. दोरी ओलांडायची नाही, फोटोसाठीही नाही.

अलीकडे हार्ट अ‍ॅटॅक किंवा अँजिओप्लास्टी झालेले, जिना चढताना छातीत भरून येणारे, दम्याचा जोर असलेले, हिमोग्लोबिन फार कमी असलेले आणि गरोदर स्त्रिया यांनी वरच्या टप्प्याचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. तान्ह्या बाळाला तर तिथे नेऊच नका. त्याला बोटं बधिर झाल्याचं सांगता येत नाही.

गोंडोलाचं तिकीट आगाऊ काढलेलं असतं, म्हणून डोकं ठणकत असतानाही लोक वर जातात. त्या दिवशी आजोबांना धाप लागत असेल, तर त्यांच्यासोबत कोणीतरी एक खालीच थांबा आणि दोन तिकिटांचे पैसे बुडू द्या.