टायमिंग चेन : अर्धे काम म्हणजे दुप्पट नुकसान

आपल्या समाजातील असंख्य तरुणांनी उस्तादाच्या हाताखाली पाना धरून गॅरेजचे काम शिकले आणि पुढे स्वतःचे गॅरेज थाटले. त्यांच्यापुढे आज एक असे काम येऊ लागले आहे की, नीट जमले तर चांगली मजुरी मिळते आणि चुकले तर संपूर्ण इंजिनचा खर्च अंगावर येतो. ते काम म्हणजे टायमिंग चेन बदलणे. त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

जुना अनुभव का पुरत नाही?

अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांतही टायमिंग चेन होती. परंतु त्यांचा कॅम खाली ब्लॉकमध्ये असल्याने चेन आखूड होती. १९८३ साली मारुती ८०० आली, तिच्या इंजिनला रबरी पट्टा होता. पुढे २००७ ची स्विफ्ट डिझेल आणि २०१० ची अल्टो के-१० अशा गाड्यांतून चेन परत आली, पण वेगळ्या रूपात. कॅम आता वर हेडमध्ये असतो. त्यामुळे चेन लांब झाली आणि तिला सरळ ठेवण्यासाठी गाईड व तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर लागू लागला.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. म्हणूनच कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दात असतात. हे गणित चेन सांभाळते. ती एक-दोन दात सरकली की वॉल्व वेळेवर मिटत नाहीत आणि पुष्कळ इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या वॉल्ववर आदळतो. डिझेल इंजिनात तर मोकळी जागा फारच थोडी असते.

चेन "ताणते" म्हणजे काय?

लोखंड रबरासारखे ताणत नाही. कडीतील पिन आणि बुश झिजतात. शंभर कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक जोड ०.०५ मिलिमीटर झिजला तरी एकूण लांबी ५ मिलिमीटरने वाढते. झिजेचे मोठे कारण म्हणजे जुने, घट्ट झालेले किंवा कमी पडलेले ऑईल. त्यानेच टेन्शनरचे बारीक छिद्र बुजते आणि चेन सैल राहते. पट्ट्याला बदलण्याची मुदत असते, चेनला बहुधा नसते. म्हणून ग्राहक समजतो की चेन कायमची आहे. तेल वेळेवर बदलले तरच ती दीर्घकाळ टिकते, हे त्याला आपणच सांगितले पाहिजे.

सकाळी गाडी सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड येणे, ओढ कमी होणे, स्कॅनरवर कॅम आणि क्रँकचा मेळ नसल्याचा पी-००१६ हा कोड येणे, ही लक्षणे आहेत. मात्र सेन्सर किंवा वायरिंगमुळेही कोड येऊ शकतो. केवळ कोड पाहून इंजिन उघडू नये.

कामाचा क्रम

१) बॅटरीची तार काढावी, ऑईल उतरवावे. चेनच्या बाजूचे फाउंडेशन काढायचे असल्यास आधी इंजिनला भक्कम आधार द्यावा.

२) पान्याने क्रँक चालत्या दिशेनेच फिरवून खुणा जुळवाव्यात. उघडल्यावर मोबाईलने फोटो काढून ठेवावेत.

३) पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. तो सोडवताना पुली पकडण्याचे योग्य हत्यार वापरावे. टायमिंग लॉकची पिन जागा दाखवण्यासाठी असते, जोर झेलण्यासाठी नव्हे.

४) आधी टेन्शनर, मग गाईड, मग चेन काढावी. चेन निघाल्यावर क्रँक किंवा कॅम मनाने फिरवू नये. सेल्फला तर हातच लावू नये.

५) तेलाची वाट साफ करावी. जुन्या गास्केटचे तुकडे चेंबरमध्ये पडू देऊ नयेत.

६) नव्या चेनच्या रंगीत कड्या चक्रांवरील खुणांशी जुळवाव्यात. टेन्शनर नसलेली बाजू ताठ हवी, सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला यावा. त्यानंतरच टेन्शनरची पिन ओढावी.

७) क्रँकला हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे द्यावेत. मध्येच अडले तर जोर न करता थांबावे आणि पुन्हा तपासावे. दोन फेऱ्यांनंतर चक्रांच्या खुणा जुळल्या पाहिजेत. रंगीत कड्या मात्र पुढे गेलेल्या दिसतील. त्याने घाबरू नये, त्या फक्त बसवताना उपयोगी असतात.

८) कव्हरला नवे ऑईल सील घालावे, सीलंट पातळ लावावा आणि त्याला सुकण्यास वेळ द्यावा. बोल्ट कंपनीने दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळावेत. नवे ऑईल व फिल्टर घालून, इंधन बंद ठेवून काही सेकंद सेल्फ फिरवावा म्हणजे तेल वर चढते.

ग्राहकाशी व्यवहार

खरी परीक्षा येथे आहे. ग्राहक म्हणतो, "भाई, फक्त चेन टाका, बाकीचे चालेल." हे कबूल करू नये. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते आणि थकलेला टेन्शनर तिला पुन्हा सैल सोडतो. चेन, चक्रे, गाईड, टेन्शनर आणि सील हा एकच संच आहे. ग्राहक तयार नसेल तर काम नम्रपणे नाकारावे. दोन महिन्यांनी वॉल्व वाकले तर तो "मीच सांगितले होते" असे म्हणणार नाही, गॅरेजचे नाव घेईल. नंतर हेड उतरवण्याचा खर्च मजुरीच्या कित्येक पट असतो.

म्हणून काम हाती घेण्यापूर्वी सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्यावी. एकाच मॉडेलमध्ये निरनिराळी इंजिने येतात, तेव्हा चेसिस नंबर सांगूनच माल मागवावा. स्वस्त डुप्लिकेट चेन घेऊ नये. "संध्याकाळी गाडी देतो" असा वायदा करू नये, घाईतच दात चुकतो. काढलेले भाग पिशवीत घालून ग्राहकाच्या हाती द्यावेत, जुनी आणि नवी चेन शेजारी ठेवून लांबीतला फरक दाखवावा.

टॅक्सी किंवा टुरिस्ट गाडी चालवणाऱ्याचे घर त्या इंजिनावर चालते. त्याची गाडी आपल्या गॅरेजमध्ये अमानत आहे. ज्या तरुणांनी हे काम अद्याप केलेले नाही त्यांनी पहिल्या दोन-तीन गाड्या जाणकार उस्तादाला सोबत घेऊन कराव्यात आणि त्या इंजिनचे दुरुस्ती-पुस्तक समोर उघडे ठेवावे, असा आमचा सल्ला आहे.