अणुवीज केंद्रांचे परवाने आणि व्यापारी गुपिते

अणुवीज केंद्राला परवाना देणाऱ्या शासकीय यंत्रणेला दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. केंद्र सुरक्षित आहे हा निर्णय ती कोणत्या आधारावर घेते, हे जनतेला कळले पाहिजे. त्याचबरोबर, अणुभट्टीचा आराखडा करणाऱ्या कंपनीने वर्षानुवर्षे खर्च करून मिळवलेले तांत्रिक ज्ञान तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयते पडता कामा नये. पहिली जबाबदारी माहिती उघड करण्याची, तर दुसरी ती राखून ठेवण्याची. या दोहोंचा मेळ घालण्याची एक तपशीलवार पद्धत अमेरिकेत गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत घडत गेली. लोकांच्या जीविताशी निगडित असलेल्या कोणत्याही प्रकल्पात ‘हे व्यापारी गुपित आहे’ असे उत्तर मिळाले, तर ते कसे पारखावे, याचा धडा या पद्धतीत आहे.

गुपित कशाचे?

अणुभट्टी कोणत्या तत्त्वावर चालते, यात आता गुपित असे काही राहिलेले नाही. ते महाविद्यालयाच्या पाठ्यपुस्तकातही आढळते. गुपित असते ते तपशिलात. इंधनकांड्यांच्या जुडग्यात कांड्या एकमेकींपासून योग्य अंतरावर धरून ठेवणाऱ्या जाळ्यांची नेमकी रचना, सुटे भाग घडवताना पाळावयाची मापे, अपघाताचे गणित मांडणाऱ्या संगणक कार्यक्रमांची अंतर्गत बांधणी, अशा गोष्टी कंपन्या जपतात.

एक उदाहरण पाहता येईल. इंधनकांडीतून निघणारी उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की कांडीच्या पृष्ठभागावर पाण्याऐवजी वाफेचा थर जमतो. मग उष्णता वाहून नेण्याची क्रिया एकाएकी मंदावते आणि कांडीचे तापमान झपाट्याने चढते. ही मर्यादा केवळ कागदावरच्या गणिताने सांगता येत नाही. विजेने तापवलेल्या नकली कांड्यांवर उच्च दाबाखाली शेकडो प्रयोग करून तिचे सूत्र बसवावे लागते. असे सूत्र तयार करण्यास मोठा खर्च येतो, पण ते उतरवून घेण्यास काहीच खर्च येत नाही. व्यापारी गुपिताला संरक्षण देण्यामागील मूळ कारण हेच आहे.

येथे दोन भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पेटंट घेणाऱ्याला आपला शोध प्रसिद्ध करावा लागतो आणि त्या मोबदल्यात ठराविक मुदतीपुरता हक्क मिळतो. व्यापारी गुपिताला मुदत नसते. ते जोवर गुप्त राहते, तोवरच त्याचे मोल टिकते. दुसरा भेद सुरक्षेसंबंधीचा आहे. केंद्राचा पहारा, कुंपण, घातपातापासून बचावाची व्यवस्था यांची माहिती देशाच्या संरक्षणासाठी गुप्त ठेवली जाते आणि तिचे नियम स्वतंत्र असतात. कंपनीचा नफा आणि राष्ट्राची सुरक्षितता ही दोन कारणे एकमेकांत मिसळू देणे योग्य नव्हे.

कायद्याची बैठक

अमेरिकेत १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याने खाजगी कंपन्यांना अणुभट्ट्या उभारण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर वेस्टिंगहाउस, जनरल इलेक्ट्रिक यांसारख्या कंपन्यांमध्ये स्पर्धा सुरू झाली आणि तांत्रिक तपशिलाला बाजारात किंमत आली. १९६६ साली माहिती स्वातंत्र्याचा कायदा झाला. शासनाकडील कागदपत्रे मागण्याचा अधिकार त्याने लोकांना दिला. तथापि, त्यातील चौथ्या अपवादाने व्यापारी गुपिते आणि विश्वासाने दिलेली व्यापारी माहिती यांना संरक्षणही दिले. १९७४ च्या कायद्यानुसार जुन्या अणुऊर्जा आयोगाची विभागणी होऊन जानेवारी १९७५ पासून अणु नियामक आयोग काम पाहू लागला. अणुऊर्जेचा प्रसार आणि तिचे नियमन ही कामे एकाच हाती असू नयेत, हा त्या विभागणीचा हेतू होता.

आयोगाचा मूळ नियम असा, की परवान्यासंबंधीचा पत्रव्यवहार आणि अहवाल जनतेला खुले असतात. गुप्तता हा अपवाद असून ज्याला तो हवा असेल, त्याने तो सिद्ध करावयाचा असतो. यासंबंधीचे कलम पूर्वी २.७९० या क्रमांकाने ओळखले जाई. २००४ पासून त्याचा क्रमांक २.३९० आहे.

प्रतिज्ञापत्र आणि दोन प्रती

एखादा अहवाल गुप्त ठेवावा असे वाटल्यास कंपनीला त्यासोबत प्रतिज्ञापत्र सादर करावे लागते. ते कोणाही कारकुनाच्या सहीने चालत नाही. अशा माहितीची छाननी करण्याचे काम कंपनीने ज्याच्याकडे सोपवले आहे, अशा जबाबदार अधिकाऱ्याने ते शपथेवर करावयाचे असते. त्यात पुढील मुद्द्यांची उत्तरे असावी लागतात:

१. ही माहिती कंपनीने आजवर खरोखर गुप्त ठेवली आहे काय?

२. अशा प्रकारची माहिती गुप्त ठेवण्याचा प्रघात आहे काय आणि त्याला सयुक्तिक कारण आहे काय?

३. ती आयोगाला विश्वासाने दिली गेली आणि त्याच विश्वासाने स्वीकारली गेली काय?

४. ती अन्यत्र, सार्वजनिक साधनांतून उपलब्ध आहे काय?

५. ती उघड झाल्यास कंपनीच्या स्पर्धाशक्तीची मोठी हानी होईल काय? तिचे मोल किती, ती मिळवण्यास किती श्रम व पैसा लागला आणि दुसऱ्याला ती मिळवणे कितपत सोपे आहे?

‘आमचे नुकसान होईल’ एवढे मोघम विधान पुरेसे ठरत नाही. शिवाय संपूर्ण अहवालावर गुप्ततेचा शिक्का मारून मोकळे होता येत नाही. नेमका कोणता शब्द, कोणता आकडा, कोणती आकृती राखून ठेवावयाची, हे मूळ प्रतीत कंसाने दाखवावे लागते. त्यामुळे अशा अहवालांच्या दोन प्रती निघतात. एक संपूर्ण प्रत आयोगासाठी आणि दुसरी, कंसातील मजकूर गाळलेली, जनतेसाठी. दुसऱ्या प्रतीत जागोजागी कोरे कंस दिसतात, पण त्यांच्या भोवतालचा युक्तिवाद वाचता येतो. काय सांगितले आहे, याबरोबरच काय आणि किती सांगितलेले नाही, हेही वाचकाला कळते.

आयोगाने गुप्ततेची विनंती फेटाळली, तर तो कारणे कळवतो आणि कागद खुला करण्यापूर्वी किमान तीस दिवसांची मुदत देतो. त्या अवधीत कंपनीला सर्वसाधारणपणे आपला कागद परत मागता येतो. मात्र मग त्या कागदाच्या आधारावर परवान्याची अपेक्षा धरता येत नाही. विनंती मान्य झाली, तरी ती माहिती आयोगाच्या तज्ज्ञांपासून लपलेली नसते. सुनावणीत परवान्याला आक्षेप घेणाऱ्या पक्षालाही, गुप्तता राखण्याचे बंधन स्वीकारून, ती पाहण्याची परवानगी मिळू शकते. जनतेपासून राखलेली माहिती नियामकापासून राखता येत नाही, हे या साऱ्या व्यवस्थेचे पहिले सूत्र होय.

मर्यादा उघड, तपशील राखीव

व्यापारी हानी सिद्ध झाली म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. परवान्याचा आधार आणि परिणाम पूर्णपणे जाणून घेण्याचा जनतेचा हक्क त्या हानीपेक्षा अधिक वजनदार आहे काय, हे आयोगाने तोलून पाहावयाचे असते. अशा तोलाला वेस्टिंगहाउस कंपनीने न्यायालयात आव्हान दिले होते. परंतु १९७७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने आयोगाचा नियम कायम ठेवला.

हा तोल व्यवहारात कसा साधता येतो, याचे उदाहरण अणुभट्टीच्या गाभ्याला आणीबाणीत थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे आहे. मुख्य नळ फुटून पाणी निघून गेले, तर ही यंत्रणा वेळेवर पुरेसे पाणी पोहोचवील काय, या प्रश्नावर १९७२ आणि १९७३ मध्ये प्रदीर्घ जाहीर सुनावणी झाली. कंपन्यांच्या गणितपद्धतींवर स्वतंत्र शास्त्रज्ञांनी कठोर प्रश्न विचारले. त्यानंतर जानेवारी १९७४ मध्ये नियम प्रसिद्ध झाला. इंधनकांडीच्या आवरणाचे तापमान २,२०० अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १,२०४ अंश सेल्सियसपेक्षा अधिक होता कामा नये आणि आवरणाच्या जाडीपैकी १७ टक्क्यांहून अधिक भागाचे ऑक्सिडीकरण होता कामा नये, अशा मर्यादा त्यात घातल्या गेल्या. गणितात कोणत्या गोष्टी धरल्याच पाहिजेत, हेही प्रसिद्ध झाले. कंपनीचा संगणक कार्यक्रम राखीव राहिला, पण तो ज्या कसोटीला उतरावयाचा ती कसोटी सर्वांसमोर आली.

थ्री माइल आयलंडचा धडा

माहिती बंदिस्त राहण्याचे मोल केवळ न्यायालयात मोजले जात नाही. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि मिटलीच नाही. पाण्याच्या पातळीविषयी गैरसमज होऊन चालकांनी आणीबाणीचे पाणी बंद केले. भट्टी त्यावेळी अल्प शक्तीवर चालत होती आणि दोष सुमारे वीस मिनिटांत ध्यानात आला, म्हणून अनर्थ टळला. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्रात, त्याच कंपनीने आराखडा केलेल्या भट्टीत, हाच प्रकार जवळजवळ पूर्ण शक्तीवर घडला. झडप दोन तासांहून अधिक काळ उघडी राहिली आणि गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला. पहिल्या घटनेची माहिती कोणी व्यापारी गुपित म्हणून दडवली होती असे नव्हे. ती योग्य माणसांपर्यंत योग्य स्वरूपात पोहोचली नव्हती, एवढेच. पण परिणाम तोच झाला.

या अपघातानंतर १९७९ अखेर वीज कंपन्यांनी परस्परांच्या अनुभवाची देवघेव करण्यासाठी एक संस्था स्थापन केली. तिचे अहवाल आयोगाला मिळत, परंतु जनतेला नव्हे. अहवाल प्रसिद्ध होणार असे कळले तर कर्मचारी मोकळेपणाने बोलणार नाहीत, असे संस्थेचे म्हणणे होते. ‘क्रिटिकल मास’ या नागरिक गटाने ते अहवाल मागितले. वाद अनेक वर्षे चालला आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की स्वेच्छेने दिलेली आणि देणाऱ्याने एरवी जाहीर न केलेली माहिती गोपनीय मानावी. २०१९ साली एका वेगळ्या विषयावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती स्वातंत्र्याच्या कायद्यापुरती ‘मोठ्या व्यापारी हानी’ची अटही काढून टाकली. अमेरिकेतील पारडे अशा रीतीने कालांतराने गोपनीयतेकडे काहीसे झुकले आहे. चालकांच्या मोकळेपणाला मोल आहे, हे खरे. तथापि, लोकांच्या शंकांचे निरसन झाले नाही, तर त्या मोकळेपणाचा लाभ विश्वासाच्या रूपाने मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. १९६९ पासून वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्यानुसार उभारल्या गेल्या. परदेशी आराखड्याबरोबर परदेशी कंपनीचे व्यापारी हक्कही येतात. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली आणि त्याचे मुख्यालय मुंबईत आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ८(१)(घ) अन्वये व्यापारी गुपिते देण्यास नकार देता येतो. परंतु व्यापक लोकहितासाठी ती उघड करणे आवश्यक आहे, अशी सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास हा अडसर राहत नाही. कलम १० नुसार राखीव भाग वेगळा काढून उरलेला भाग देता येतो. कलम ११ नुसार त्रयस्थ पक्षाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. अणुऊर्जेविषयीच्या खास कायद्यांतील निर्बंध यांहून वेगळे आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कुडनकुलम येथील रशियन आराखड्याच्या भट्ट्यांचा सुरक्षा-विश्लेषण अहवाल एका नागरिकाने मागितला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये निर्णय दिला, की पुरवठादाराच्या आराखड्याचे राखीव तपशील वगळून उरलेला अहवाल द्यावा. पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले. तथापि, संपूर्ण अहवाल नाकारण्याऐवजी राखीव भाग तेवढा वगळावा, हा त्यामागील विचार कोऱ्या कंसांच्या पद्धतीशी जुळणारा होता.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचना महत्त्वाची आहे. तिच्यानुसार जाहीर सुनावणीपूर्वी मसुदा अहवाल जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद व स्थानिक संस्थांकडे पाठवावा लागतो आणि त्याचा सारांश राज्याच्या भाषेतही द्यावा लागतो. भट्टीच्या जाळीची मापे गावाला कळली नाहीत तरी चालतील. समुद्रात सोडलेल्या पाण्याचे तापमान किती वाढेल, किरणोत्साराच्या मर्यादा कोणत्या आणि आणीबाणीत गावाने काय करावयाचे, हे मात्र कळलेच पाहिजे. या गोष्टी कोणाचेही व्यापारी गुपित असू शकत नाहीत.

दावा पारखताना

गुप्ततेचा दावा समोर आला, की काही साधे प्रश्न विचारता येतात. नेमका कोणता भाग राखीव आहे? कारण कोणी, कोणत्या जबाबदारीने लिहून दिले? तोच मजकूर अन्यत्र प्रसिद्ध आहे काय? नियामकाने तो पूर्णपणे पाहिला आहे काय? राखीव भाग वगळूनही निर्णयाची कारणे समजतात काय? यांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर दावा मान्य करण्यास हरकत नसावी. न मिळाल्यास तो पुन्हा तपासून घेणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. परिश्रमाने मिळवलेल्या ज्ञानाला संरक्षण देणे न्याय्यच आहे. पण कंस किती मोठा असावा, हे कंस घालणाऱ्यानेच एकट्याने ठरवावयाचे नसते.